देवमाशाच्या कानाचा पंचनामा

दिल्लीच्या द्वारका उपनगरापासून छावणी भागातील नौसेना भवन फारसे दूर नाही. 15 मार्च 2024 रोजी उद्घाटन झालेली ही वास्तू भारतीय नौदलाचे राजधानीतील पहिले स्वतंत्र मुख्यालय होय. आणि ज्या समुद्राच्या रक्षणासाठी ती उभारली त्याची गाज येथवर पोहोचत नसली, तरी त्या समुद्रात कोणती यंत्रे कोणत्या शिस्तीने चालवावीत याचे धोरण ज्या दफ्तरांत ठरते ती दफ्तरे येथे, आम्हा द्वारकेकरांच्या शेजारी आहेत. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या देवमाशांची कैफियत मी रत्नागिरीच्या कचेरीपुढे न मांडता दिल्लीपुढे मांडतो आहे.

प्रथम नौदलाची बाजू, कारण ती खरी आणि वजनदार आहे. प्रकाश पाण्यात थोड्याच अंतरावर विरतो, रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत, आणि त्यामुळे पाण्याखाली दडलेली पाणबुडी हुडकण्यास ध्वनीइतके खात्रीचे दुसरे साधन आजही नाही. युद्धनौका तीव्र ध्वनी सोडते आणि पोलादी कायेवरून परतणारा प्रतिध्वनी टिपते, हेच सोनार यंत्रणेचे सार. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीला ‘आयएनएस खुकरी’चा माग आधी लागला, आणि खुकरीबरोबर 18 अधिकारी व 176 नौसैनिक जलसमाधी पावले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत नौका सोडली नाही. ज्या नौदलाने ही किंमत मोजली आहे त्याला ‘सोनार बंद ठेवा’ असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे, असे मला वाटत नाही. उलट गरज वाढतेच आहे: वसईजवळच्या किल्ल्याचे नाव धारण करणारी ‘आयएनएस अर्नाळा’ जून 2025 मध्ये दाखल झाली, आणि उथळ पाण्यात पाणबुड्या शोधण्यासाठी अशा एकूण 16 नौकांची योजना आहे. उथळ पाणी म्हणजेच किनाऱ्यालगतचे पाणी, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कारण ज्या निसर्गनियमाने युद्धनौकेस ध्वनीचा आश्रय घ्यावयास लावले, त्याच नियमाने कोट्यवधी वर्षांपूर्वी देवमाशालाही ध्वनीच्या जगात नेले. भक्ष्य, जोडीदार, पिलू, वाट, सारे त्याला कानानेच कळते. द्वारकेवरून विमान उतरू लागले की आम्ही बोलता बोलता क्षणभर थांबतो आणि ते गेल्यावर वाक्य पुरे करतो. नौदलाच्या सरावाच्या काळात तासन् तास चालणाऱ्या सोनारच्या ध्वनीपुढे देवमाशाने काय करावे? (पाण्यातील डेसिबल आणि हवेतील डेसिबल एका मापाने मोजत नाहीत, तेव्हा विमानाशी आकड्यांची तुलना कोणी करू नये, परंतु पाण्यात ध्वनी हवेपेक्षा सुमारे साडेचार पट वेगाने आणि कितीतरी दूर जातो, एवढे निश्चित.)

मार्च 2000 मध्ये बहामा बेटांवर अमेरिकी नौदलाचा सराव चालू असता दीड दिवसात 17 सागरी सस्तन प्राणी किनाऱ्यास लागले. मृतांच्या कानांत आणि मेंदूच्या आवरणात रक्तस्राव आढळला, आणि पुढल्या वर्षीच्या अहवालात खुद्द अमेरिकी नौदलाने मध्यम कंपनसंख्येच्या सोनारचा दोष मान्य केला. सप्टेंबर 2002 मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोच्या सरावाच्या वेळी 14 चोचदार देवमासे किनाऱ्यावर आले, आणि त्यांच्या अवयवांत वायूचे बुडबुडे सापडले. हे देवमासे तीन हजार मीटरपर्यंत बुडी मारणारे. भयाने त्यांच्या बुडीची लय मोडली की रक्तात विरघळलेला नायट्रोजन पाणबुड्या माणसाच्या रक्तात फसफसावा तसा फसफसतो, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. स्पेनने 2004 साली त्या बेटांभोवती 50 सागरी मैलांच्या हद्दीत अशा सोनारला मनाई केली, आणि नंतरच्या दशकात तेथे तशी सामूहिक घटना नोंदली गेली नाही. स्पेनचे नौदल त्यामुळे पांगळे झाल्याचे कोणी म्हटलेले नाही.

तथापि आपल्या किनाऱ्यावरील प्रत्येक मृतदेहाचे खापर सोनारवर फोडणे हा अन्याय होईल. जानेवारी 2016 मध्ये तामिळनाडूच्या तिरुचेंदूरजवळ 80 हून अधिक पायलट व्हेल किनाऱ्यास लागले तेव्हा तर्कवितर्कांस ऊत आला. परंतु त्याच पट्ट्यात जानेवारी 1973 मध्ये 147 पायलट व्हेल आले होते. रोग, जाळी, जहाजांची धडक, कळपाच्या म्होरक्याची चूक, कारणे अनेक असतात. खरे कारण कोणते, हे केवळ तपासानेच ठरते, आणि नेमका तो तपास आपल्याकडे होत नाही.

कोकणचा अनुभव पाहा. 2015 साली सिंधुदुर्गातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे, पिलासह, दिसले आणि या किनाऱ्याचे भाग्य उजळले असे वाटले; त्याच वर्षी जूनमध्ये रायगडातील रेवदंड्यास एक जिवंत निळा देवमासा येऊन लागला आणि मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्यास सुमारे 20 फुटांचे पिलू वाळूत रुतले. ग्रामस्थ, वनखाते, तटरक्षक दल चाळीस तास झटले, ओली फडकी टाकून पाणी ओतत राहिले, त्याला खोल पाण्यात नेऊन सोडले. काही दिवसांतच त्याचा मृतदेह परत आला. त्या झटणाऱ्या हातांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु असा प्राणी मेल्यावर सामान्यतः काय होते? लांबी मोजतात, नर की मादी ते लिहितात, दुर्गंधी पसरण्यापूर्वी जेसीबीने खड्डा खणून पुरून टाकतात. कवटीतील कानाची हाडे काढून त्यातील पेशी तपासाव्यात तर ते काम मृत्यूनंतर काही तासांतच करावे लागते, कारण त्या पेशी फार लवकर कुजतात. कानावाचून झालेला हा पंचनामा सोनारला दोषीही ठरवीत नाही आणि निर्दोषही सोडीत नाही. संशय तेवढा कायम राहतो, आणि तो नौदलाच्याही हिताचा नाही.

आणि हानी केवळ मृत्यूनेच होते असे नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात नकली सोनारध्वनी ऐकताच काही निळ्या देवमाशांनी खोल पाण्यातले भक्षण सोडून दिले. उपाशी परतलेल्या देवमाशाचा पंचनामा कोणीच करीत नाही. अरबी समुद्रातील कुबड देवमाशांची स्थिती तर याहून नाजूक: हा समूह अन्य समुद्रांतील भाऊबंदांसारखा स्थलांतर करीत नाही, 1966 साली सोव्हिएत व्हेलशिकाऱ्यांनी त्यातील 242 जीव मारले, आणि आज ओमानच्या किनाऱ्यालगत शंभराहून कमीच उरल्याचा अंदाज आहे. ‘लुबान’ नावाची मादी 2017 च्या अखेरीस ओमानहून निघून गोव्याच्या समुद्रात आली. गोव्याजवळ पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी या जातीचे गाणेही टिपले आहे. ज्या समुद्रात ते गाणे टिपले, त्याच पश्चिम किनाऱ्यावर नौदलाचे सराव होतात.

मागणी मोठी नाही. युद्धप्रसंगी नौदलाचे हात मोकळेच असावेत. परंतु शांततेच्या काळातील सरावासाठी लेखी, जाहीर नियम मुक्रर व्हावेत: सिंधुदुर्ग-गोव्यासारखे संवेदनशील सागरी भाग ठराविक महिन्यांत टाळावेत, ध्वनी एकदम पूर्ण ताकदीने न सोडता हळूहळू वाढवावा, जवळ देवमासा दिसल्यास सराव काही काळ तहकूब करावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनारच्या खटल्यात 2008 साली निकाल नौदलाच्या बाजूने दिला, तरीही 2015 साली त्याच नौदलाने हवाई व दक्षिण कॅलिफोर्नियाच्या काही भागांत मर्यादा समेटाने स्वीकारल्या. गोपनीयतेची हरकत घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. परंतु सोनार केव्हा व कोठे चालला याची नोंद वर्तमानपत्रांत छापा असे कोणी म्हणत नाही, ती डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील शपथबद्ध शास्त्रज्ञास दाखविता येईल. पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2021 मध्ये किनाऱ्यावर अडकणाऱ्या सागरी प्राण्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेतच. त्यांच्या जोडीला रत्नागिरी, मालवण व अलिबाग येथे कानाचे शवविच्छेदन जाणणारा एक एक पशुवैद्य आणि नमुने गोठवून ठेवण्याची सोय एवढी तजवीज व्हावी. हा खर्च एका युद्धनौकेच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि जोरबागचे पर्यावरण मंत्रालय व छावणीतले नौसेना भवन यांच्यामध्ये तर एका शहराइतकेही अंतर नाही.