आपली मूव्हमेंट ऑर्डर एकदा तरी आपण लिहावी

सध्या मुक्काम लडाखमध्ये आहे. संध्याकाळी बुखारीभोवती बसलो की गप्पांचा विषय एकच असतो, सुट्टी. परवा आमच्या सोलापूरच्या पोराने मोबाईल पुढे केला. नवीन लग्न झालंय, बायकोला घेऊन श्रीलंकेला जायचंय. स्क्रीनवर टूर कंपनीची जाहिरात होती. चार रात्री, पाच दिवस, सगळं धरून. "उस्ताद, पैसे भरून टाकू का?"

मी म्हटलं, "थांब. दोन दिवस दे मला." त्या दोन दिवसांचं उत्तर म्हणजे हा लेख.

माझं मत सरळ आहे. आपल्यासारख्या माणसाने परदेशातली पहिली सहल तरी स्वतः आखावी. आपलं सगळं आयुष्य दुसऱ्याने लिहिलेल्या मूव्हमेंट ऑर्डरवर चालतं. कुठल्या गाडीने जायचं, कुठे उतरायचं, कधी रिपोर्ट करायचं हे सगळं कागदावर येतं आणि आपण पिशवी उचलतो. ती नोकरी आहे, तक्रार नाही. पण वर्षभरात घरच्यांसोबत मिळणारे मोजके दिवसही दुसऱ्याच्याच ऑर्डरवर काढायचे का?

दोन वर्षांपूर्वी मीही आधी अशाच एका कंपनीकडे गेलो होतो. तात्या, म्हणजे माझे चुलते, महार रेजिमेंटमध्ये होते. १९८७ साली शांतिसेनेतून ते श्रीलंकेत गेले. परत आल्यावर त्यांनी तिथलं फारसं कधी सांगितलं नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव निघालं की मात्र ताठ बसायचे. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचेच. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आम्ही श्रीलंकेला जायचं म्हणतोय हे कळल्यावर तात्या एवढंच बोलले, "कोलंबोला आपल्या पोरांचं स्मारक आहे म्हणतात. जमलं तर माझ्या जोडीदाराचं नाव वाचून ये. आणि जाफना कसं दिसतं आता, ते सांग."

टूरवाल्याला हे सांगितलं. तो गोड बोलला, पण म्हणाला, "सर, स्मारकाला गाडी थांबवली तर ग्रुपमधले बाकीचे कंटाळतील. आणि जाफन्यात बघायला काय आहे?" त्याचं चुकलं नाही, चाळीस माणसांना आवडेल तेच तो विकणार. पण आमच्या जाण्याचं कारणच त्याच्या यादीत नव्हतं. घरी येऊन बायकोने शंभर पानी वही काढली आणि वर लिहिलं, "आपण जाणार."

आता कामाचं बोलतो. आपण नकाशा उघडून आधी ठिकाणं शोधतो. अशा उष्ण आणि पावसाच्या देशात आधी महिना शोधावा. श्रीलंका क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहूनही लहान आहे, पण तिथे पावसाळे दोन. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, बेंटोटा ही बाजू आणि डोंगराचा पश्चिम उतार झोडपतो. तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली बरंचसं कोरडं असतं. डिसेंबरपासून ईशान्येचे वारे उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणतात, तेव्हा नैर्ऌत्य किनारा छान असतो. मधे अडीच हजार मीटर उंचीपर्यंत गेलेले डोंगर आहेत, ते ढग अडवतात. सह्याद्रीच्या अलीकडे महाबळेश्वर आणि पलीकडे माण-खटाव, तसाच प्रकार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ असतो, तो टाळलेला बरा. आम्हाला जाफना आणि कोलंबो दोन्ही हवं होतं, म्हणून फेब्रुवारीचा शेवट धरला. स्वस्त पॅकेज दिसलं की पहिला प्रश्न हाच विचारा, कुठल्या महिन्याचं आणि कुठल्या किनाऱ्याचं?

दुसरी गोष्ट परवानगीची. नोकरीत असताना खासगी परदेश प्रवासाला खात्याची मंजुरी लागते, हे आपल्याला माहीत असतं, तरी पोरं आधी तिकीट काढतात. उलटं करा. कित्येक महिने आधी अर्ज टाका, मंजुरी हातात आली की मगच पैसे गुंतवा. सुट्टी कधीही रद्द होऊ शकते हे धरूनच चाला. राहण्याच्या खोल्या अशाच घ्या की ज्या आयत्या वेळी पैसे न कापता रद्द करता येतात. विमानाचं तिकीट थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येणारं घ्या. पॅकेजमध्ये ही सोय क्वचितच मिळते. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा मित्राच्या जुन्या अनुभवावर न जाता सरकारी संकेतस्थळावरच बघा.

तिसरी गोष्ट, कमी ठिकाणं. मी दहा दिवसांत आठ ठिकाणं बसवली होती. बायकोने चार खोडली. म्हणाली, "तुम्ही सहल आखताय की गस्त?" तिचं बरोबर होतं. कोलंबो ते कँडी सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, पण घाटाच्या रस्त्याने तीन-साडेतीन तास सहज जातात. शेवटी कँडी, सिगिरिया, अनुराधापुर, जाफना आणि परतीला कोलंबो एवढंच ठेवलं. मधे एक दिवस पूर्ण मोकळा सोडला. रेकीत राखीव ठेवतो तसा हा राखीव दिवस. तोच उपयोगी पडला.

कारण चूक झालीच, आणि ती माझी. तिथे दर पौर्णिमेला पोया म्हणून सरकारी सुट्टी असते. दारूची दुकानं बंद, देवळांत गर्दी, गाड्या भरलेल्या. मी महिन्याचं पाहिलं, तिथीचं पाहिलं नाही. अनुराधापुरात पांढऱ्या कपड्यातली हजारो माणसं बोधिवृक्षाकडे चालली होती आणि आम्हाला जाफन्याच्या गाडीत जागा नव्हती. राखीव दिवस वापरला. आषाढीला पंढरपुरात खोली शोधणाऱ्या माणसासारखी आमची गत. पण बायको आजही म्हणते, सगळ्यात चांगला दिवस तोच.

लहानसहान गोष्टी पोराला वेगळ्या सांगितल्याच आहेत, इथेही लिहितो. घड्याळ बदलायला लागत नाही, वेळ आपलीच आहे. गाड्याही डावीकडूनच चालतात. कँडीच्या दंतमंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. जाफन्याच्या नल्लूर मंदिरात पुरुषांना सदरा उतरवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली, पण डेंग्यू आहे आणि तो डास दिवसा चावतो, तेव्हा फक्त रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका. समुद्रावर लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापुरतंही पुढे जाऊ नका, पोहता येतं हा गर्व घरी ठेवा.

दुसरी बाजूही मान्य करतो. आई-वडील सत्तरीचे असतील, गुडघे दुखत असतील, जेवणाची पथ्यं असतील, तर ग्रुप टूरच बरी. मी स्वतः आईला चारधामला तसंच पाठवलं. पण तरुण जोडीने केवळ भीतीपोटी पैसे भरू नयेत. भाषेची भीती, हरवण्याची भीती. अरे, आपण बदलीच्या गावी नागालँडपासून राजस्थानपर्यंत खाणाखुणा करून भाजी आणतो, मग कँडीच्या बसस्टँडवर काय अडणार आहे?

जाफन्याला आम्ही रेल्वेने गेलो. युद्धामुळे १९९० पासून बंद पडलेला हा मार्ग आपल्याच सरकारी रेल्वे कंपनीने पुन्हा बांधला आणि २०१४ मध्ये गाडी जाफन्यात पोचली. खिडकीतून ताडाची झाडं, मिठागरं, दप्तरं घेऊन सायकलवर चाललेल्या मुली. रात्री तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ ते नुसतं रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिवे आहेत की रे सगळीकडे." आणि फोन काकूकडे दिला.

शेवटच्या दिवशी कोलंबोजवळ, संसदेपासून थोड्याच अंतरावर, स्मारकाला गेलो. तिथे आम्ही दोघंच होतो. भिंतीवर नावांच्या ओळी. मी रेजिमेंट शोधत होतो, बायकोला नाव आधी सापडलं. ते इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ते ठाऊक आहे. तात्यांनी सांगितलं होतं तसं मोठ्याने वाचलं, सॅल्यूट केला. वीस मिनिटं थांबलो. गाडी सुटेल म्हणून कोणी हाक मारली नाही.

त्या वीस मिनिटांसाठी मी टूर कंपनीला नाही म्हटलं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. प्रत्येकाला स्मारक गाठायचं नसतं. कुणाला फक्त बायकोसोबत निवांत समुद्र बघायचा असेल. पण आपल्याला काय हवंय हे ठरवायला आधी कोरी वही लागते.

सोलापूरच्या पोराला मी हेच सांगितलं. पैसे भरू नकोस. आधी बायकोला फोन लाव आणि विचार, तुला तिथे काय बघायचंय? त्याने लावला. नेटवर्क जेमतेम होतं. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "उस्ताद, तिला हत्ती बघायचेत. आणि कुठेही सकाळी सातला उठून बसमध्ये बसायचं नाहीये."

म्हटलं, झालं. आराखड्याची पहिली ओळ मिळाली.