छाटणीच्या महिन्यात

यंदा, २०२६ साली, ईस्टर ५ एप्रिलला आला आहे. पंडिता रमाबाई केडगावला प्रभूकडे गेल्या तोही ५ एप्रिलच, साल १९२२. असा योग दरवर्षी येत नाही. आज सकाळच्या उपासनेत पुनरुत्थानाची गीते होतील आणि अनेक मंडळ्यांमध्ये रमाबाईंचे नावही निघेल. ते नाव नेहमीच्या वाटेने निघून जाऊ नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

नेहमीची वाट म्हणजे कार्याची यादी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात, मग दुष्काळ, केडगाव, मुक्ती मिशन, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण, मराठी बायबल. यादी खरी आहे आणि ती मुलाबाळांना सांगितलीच पाहिजे. पण स्वतः रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तेव्हा त्यांचा भर वेगळ्या जागी होता, आणि त्या जागेकडे आपण फारसे जात नाही.

रमाबाई विसाव्या वर्षी कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाल्या. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडातल्या वाँटेज गावी. म्हणजे बुद्धी, धैर्य, वक्तृत्व आणि बायकांच्या दुःखाची चाड हे सारे आधीचेच होते. बाप्तिस्म्याने रमाबाई कर्तबगार झाल्या, असे कोणी चर्चमध्ये सांगत असेल तर ते चुकीचे आहे.

साक्षीत त्या याहून अवघड गोष्ट सांगतात. बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म पटला होता, त्याची शिकवण मनात ठसली होती, पण ख्रिस्त स्वतः अजून भेटला नव्हता. तो भेटला त्यानंतर काही वर्षांनी, शारदा सदन सुरू झाल्यावर, लोकांत नाव झाल्यावर. आपण पात्र होऊ आणि मग तो आपल्याला जवळ करील, ही समजूत गळून पडली. जशा आहोत तशा त्याच्या स्वाधीन व्हायचे, एवढेच उरले. नावारूपाला आलेल्या बाईने हे कबूल करावे, तेही छापून, याचे आम्हांला दर वाचनात नवल वाटते.

मग बदलले काय? हे शारदा सदन आणि मुक्ती शेजारी ठेवून पाहावे. सदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती आणि खर्चासाठी अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनची ठरावीक वर्षांची हमी होती. काम चोख होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली होती, तेव्हा त्या काय पाहत होत्या हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. कुठल्या जातीच्या, कुठल्या आजाराच्या, कुणी वापरून टाकलेल्या, हे विचारले नाही. त्यांच्या खर्चाची हमी कोणी दिली नव्हती. रोजचे अन्न रोज मागायचे, देवाजवळ. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेच पुन्हा झाले. जे दार विशिष्ट बायकांसाठी उघडले होते ते सताड उघडले गेले. आमच्या मते फळ ते हेच. मुक्तीच्या इमारती नंतरच्या.

योहानाच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय या आठवड्यात पुष्कळांनी वाचला असेल. प्रभूने वेल आणि फाट्यांचे ते बोलणे शेवटच्या भोजनाच्या रात्री केले, पकडले जाण्याच्या काही तास आधी. दिंडोरी-निफाडच्या किंवा तासगावच्या बागायतदाराला त्यातली गोष्ट फोडून सांगावी लागत नाही, कारण तो सध्या तेच करतो आहे. माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. नुकतेच घड दिलेल्या काड्या ओलांड्यापाशी जेमतेम एखादा डोळा राखून काढून टाकायच्या. परक्या माणसाला वाटावे की बाग गेली. मग नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या उन्हात, डोळ्याच्या आत, पुढच्या हंगामाचा घड धरला जातो. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाल्यावर जो घड निघतो तो मे-जूनमध्येच ठरलेला असतो. उन्हाळ्यात जो धरला गेला नाही तो ऑक्टोबरात कितीही खत-औषध ओतले तरी निघत नाही.

प्रभूने सांगितले तेही हेच, की फाट्याने वेलीत राहावे. फळाचे काय ते माळी पाहील. आणि माळी छाटतो तो फळ देणारा फाटा. हे वाक्य आपण घाईने वाचून पुढे जातो, कारण ते झेपत नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्यावर मुक्तीचा सारा भार पुढे टाकायचा होता, १९२१ च्या जुलैमध्ये गेली. रमाबाईंचे वय त्रेसष्ट, कान जवळजवळ गेलेले. त्या काय करत होत्या? बायबलचे भाषांतर पुढे नेत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत, वर्षानुवर्षे चाललेले काम. मुक्तीच्याच मुली खिळे जुळवत, छपाई करत. काम हातावेगळे करून त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मुलीच्या मृत्यूला छाटणी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही, तो त्या आईचा. आम्ही एवढेच पाहतो की वेल सुटली नाही.

ख्रिस्ताशी असलेल्या या जवळिकीचा आणखी एक परिणाम मंडळीतल्या मोठ्यांना सोयीचा वाटत नाही, म्हणून सहसा सांगितला जात नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचावा. प्रेम आहे, कृतज्ञता आहे, आणि तरीही सिद्धांतांवर हुकुमाने मान डोलवायला या बाईने साफ नकार दिला. एका पंथाची मोहोर त्यांनी लावून घेतली नाही. ख्रिस्ताजवळ असणे आणि चर्चच्या अधिकाऱ्याला होकार देत राहणे या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत. आज आपल्याकडे आज्ञाधारकपणालाच आध्यात्मिक फळ समजण्याची खोड आहे. मिळकतीच्या वादांतून कोर्टाची पायरी चढणाऱ्या मंडळ्यांमध्येही तोच उपदेश चालतो, याचे दुःख होते.

पौलाने गलतीकरांस लिहिताना आत्म्याच्या फळात प्रीती, आनंद, शांती, सौम्यता अशा नऊ गोष्टी सांगितल्या. नऊच्या नऊ स्वभावात उतरायच्या. एकीचाही आकडा अहवालात घालता येत नाही. आपले अहवाल मात्र आकड्यांनीच भरतात: किती बाप्तिस्मे, किती सभा, किती वर्गणी, छतावर किती खर्च. पाळकांना घरोघर फिरायचे, कमिट्या सांभाळायच्या, समारंभ उरकायचे. शास्त्र घेऊन एकटे बसायला त्यांना सवड कोण देतो? तरुण मंडळींना आपण गिटार देतो, मंच देतो, जबाबदाऱ्या देतो. प्रार्थनेत अर्धा तास गप्प कसे बसायचे हे शिकवणारा वडीलधारा मात्र त्यांना शोधून सापडत नाही. पडीक जमिनीतून मुक्ती उभी राहिली तेव्हा तिथे प्रार्थनेला कामाइतकाच वेळ होता, आणि कामही डोंगराएवढे होते. कामाची गर्दी आहे, ही आपली सबब केडगावपुढे टिकत नाही.

३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपले आहे. येत्या काही आठवड्यांत बहुतेक मंडळ्यांच्या वार्षिक सभा होतील. आमची सूचना आहे की या वर्षी जमाखर्च वाचून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत. गेल्या वर्षभरात आपल्या दाराशी असे कोण आले, ज्याला आधी आपण आत घेतले नसते? आणि पाळकांना आठवड्यातला एक पूर्ण दिवस, कुठल्याही कमिटीच्या बोलावण्याविना, शास्त्र आणि प्रार्थनेसाठी मोकळा देण्याचा ठराव कोण मांडणार? अनुमोदन द्यायला हात वर होतील की नाही, ते त्याच बैठकीत कळेल.