पोर्टल सोपं असणं हाही उपचाराचाच भाग

1 मे 2021 आठवतो? त्या दिवशी 18 ते 44 वयोगटाचं कोविड लसीकरण सुरू झालं, पण आधी 'कोविन'वर नोंदणी सक्तीची होती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. ओटीपी टाकून, पिनकोड शोधून होईपर्यंत स्लॉट संपलेले असत. शहरातले तरुण गावाकडच्या केंद्रांवर लस घेऊन परतत आणि तिथले रहिवासी मात्र ताटकळत. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. जूनमध्ये पोर्टल मराठीतही आलं. 21 जूनपासून सर्व प्रौढांना थेट केंद्रावर नोंदणी करता येऊ लागली.

यातून काय शिकायचं? आरोग्याची वेबसाइट खात्याच्या सोयीने नव्हे, रुग्णाच्या प्रश्नांच्या क्रमाने रचायला हवी: मी पात्र आहे का? कुठे जाऊ? सोबत काय नेऊ? आज 'आभा' आणि 'ई-संजीवनी'लाही हीच कसोटी लावा.

तुम्ही फॉर्ममध्ये अडकलात, तर स्वतःला दोष देऊ नका. आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. अनोळखी व्यक्तीला ओटीपी सांगू नका. 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे. त्यासाठी उपचार लांबवू नका.