दिल्लीतलं सरकार बदललं, प्लॉटचं काय?



१३ मे २००४ ला लोकसभेचा निकाल लागला. वाजपेयींचं सरकार गेलं. काँग्रेसला १४५ जागा, भाजपला १३८, आणि डाव्या पक्षांचे साठाच्या आसपास खासदार निवडून आले. त्यांच्या पाठिंब्यावर २२ मे ला मनमोहन सिंग पंतप्रधान झाले. तेव्हापासून ज्या पाड्यावर जाते तिथे एकच प्रश्न. "पोरी, आता प्लॉट नावावर होतील ना?" काही पाड्यांवर तर विचारत पण नाहीत, झालेच असं धरून चाललेत. म्हणून या वेळी यावरच लिहिते.

आधी हे सांगते की ते सरकार गेलं याचा मला आनंद झाला. लपवायचं कशाला? ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाने पत्र काढलं की जंगलावरची सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढा. पाच महिन्यांत! ज्या जमिनीवर आपल्या आज्याने दगड वेचले, बापाने बांध घातले, त्या जमिनीवर आपण चोर ठरलो. त्या पावसाळ्यात उभ्या नागलीत गुरं घातली, आवणात खड्डे खणून सागाची रोपं लावली, ते कुठल्याच पाड्याला सांगायला नको. आणि त्याच सरकारने या वर्षी पेपरात, टीव्हीवर पैसे खर्चून सांगितलं की देश चमकतोय, सगळ्यांना बरं वाटतंय. कोणाला बरं वाटत होतं? होळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर होता. मतदानाच्या आदल्या रात्री पक्षवाल्यांनी टेम्पो पाठवले, माणसं भरून आणली, मत झालं की त्याच टेम्पोत परत. पोरांना आजी-आजाकडे दोन दिवस राहायला पण मिळालं नाही.

दुसरं कारण. ते आपल्याला आदिवासी म्हणत नाहीत, वनवासी म्हणतात. शब्दात काय आहे असं वाटेल. आदिवासी म्हंजे इथला पहिल्यापासूनचा, म्हणून जमीन त्याची. वनवासी म्हंजे नुसता वनात राहणारा, त्याला उद्या वनातून काढला तर त्याचं काय राहिलं? आणि या नावाखाली आपल्यातच भांडणं लावतात, हा देवाचा, तो ख्रिस्ती. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले. डांगमध्ये आपल्या लेकी दिल्यात, तिथल्या आपल्याकडे आल्यात. दोन्हीकडे नागली तीच, हिरवा देव तोच, आणि गार्ड पण सारखाच. गार्ड पावती फाडताना कोणाला विचारत नाही की तू कोणत्या देवाचा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा अंक काँग्रेसचं पत्रक होईल.

१९८० चा वनसंरक्षण कायदा कोणी केला? काँग्रेसने. त्याच्यामुळे जंगलाची गुंठाभर जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते. त्याच्या आधी महाराष्ट्र सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतचे प्लॉट नियमित करायचं ठरवलं होतं, त्यातले किती झाले ते तुम्ही आपापल्या पाड्यावर मोजा. २००२ चं पत्र दिल्लीच्या भाजप सरकारचं होतं, पण खड्डे खणणारे मजूर, गाड्या, पोलीस हे सगळं मुंबईहून चालत होतं, आणि मुंबईत १९९९ पासून काँग्रेस-राष्ट्रवादीचं राज्य होतं. एकाने पत्र लिहिलं, दुसऱ्याने ते पोचवलं. आपण मोर्चे काढले तेव्हा १० ऑक्टोबर २००२ चा जीआर निघाला, की गावात समिती करा, ग्रामसभेत दावे तपासा, म्हाताऱ्या माणसांची साक्ष घ्या. तो जीआर आपल्या कामाचा होता. पण तो कोणी आपणहून दिलेला नाही.

आणि या वर्षीची गंमत ऐका. ५ फेब्रुवारीला त्याच दिल्ली सरकारने नवीन परिपत्रक काढलं, की ३१ डिसेंबर १९९३ पर्यंतचे आदिवासींचे प्लॉट मान्य करू. ६ फेब्रुवारीला लोकसभा बरखास्त. म्हंजे निघायच्या आदल्या दिवशी पाहुण्याने म्हणायचं, तुमच्यासाठी कोंबडं कापणार होतो! लोकांनी पेढे वाटले. २३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. अठरा दिवसांत खेळ खलास. तरी एप्रिलमध्ये तोच कागद दाखवून मतं मागितली.

ही स्थगिती सरकार बदललं म्हणून उठत नाही. नीट समजून घ्या, इथेच लोक फसतात. परिपत्रक म्हंजे मंत्रालयाने लिहिलेलं पत्र. समोर १९८० चा कायदा आहे आणि कोर्टाची ऑर्डर आहे. पत्र कायद्यापुढे उभं राहत नाही, म्हणून ते पडलं. १९९० च्या सप्टेंबरात पण अशीच चांगली परिपत्रकं निघाली होती, ती फायलीतच राहिली. आपल्याला आता पत्र नको, लोकसभेत केलेला कायदा पाहिजे, ज्यात जंगलजमिनीवरचा आपला हक्क लिहिलेला असेल. तो झाला तर कोर्टाला पण तो बघावा लागेल.

नवीन सरकारने २७ मे ला किमान समान कार्यक्रम जाहीर केला. त्यात म्हटलंय की आदिवासींना जंगलातून हुसकावणं थांबवू. हे वाक्य कामाचं आहे. गार्ड आला तर त्याला सांगा, तुझ्या सरकारने काय लिहिलंय ते वाच. पण थांबवू म्हंजे नावावर करू असं नाही. तिथे जमिनीच्या हक्काचा शब्द नाही. त्याच कागदात प्रत्येक घरातल्या एकाला शंभर दिवस काम द्यायचा कायदा करू असं पण लिहिलंय. आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तहसीलवर बसल्याशिवाय काम कधी निघालं का, ते तुम्हाला माहीत आहे. कायदा असून ही तऱ्हा, मग कार्यक्रमातल्या वाक्याची काय कथा.

एक म्हातारा मला म्हणाला, "आमी इंदिराबाईला दिलं, जनताला दिलं, पंजाला दिलं, फुलाला बी दिलं. आमाला कोनी दिलं?" मला त्याचं अर्धं पटतं. मत दिलं म्हणून काही मिळत नाही हे खरं. पण मतच देऊ नये, हे मला पटत नाही. या वेळी देशभर मशीन होतं, बटण दाबलं की शिट्टी वाजायची. त्या शिट्ट्यांनी चमकणाऱ्या देशाचं सरकार घरी बसवलं, ते आपल्यासारख्यांनीच. एवढी ताकद आहे. फक्त ती पाच वर्षांत एक दिवस वापरून घरी बसलो तर उरलेले दिवस गार्डचे.

आता कामाचं. पाऊस तोंडावर आलाय, राब भाजून झालेत. काही पाड्यांवर लोक म्हणतात, सरकार आपलं आलं, आता आणखी तोडून घेऊ. हे करू नका. संघटनेचं म्हणणं जुन्या कसणाऱ्यांचं आहे. नवीन झाड पडलं की गार्ड त्याचा फोटो काढणार, आणि पंचवीस वर्षं कसणाऱ्या माणसाचा दावा पण त्याच फोटोखाली दाबणार. जंगल राहिलं तर मोह, कंद, सरपण राहील. ते गेलं तर प्लॉट एकटा पोट भरत नाही.

दुसरं. बाजारात काही माणसं फिरतायत, दोनशे रुपये द्या, प्लॉट नावावर करून देतो म्हणतात. दाव्याला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर त्याला पाड्यावर बसवून ठेवा आणि आम्हाला निरोप धाडा.

तिसरं, दंडाच्या पावत्या. पुष्कळ घरात त्या आढ्याला खोचलेल्या आहेत, धुराने काळ्या झाल्या, उंदरांनी खाल्ल्या. लोकांना त्यांची लाज वाटते, गुन्ह्याचा कागद म्हणून. अहो, तोच आपला सातबारा आहे! अमुक साली अमुक माणूस इथे कसत होता, हे जंगल खात्याने स्वतः लिहून दिलंय. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी घाबरू नका, शेजारच्या म्हाताऱ्यांची साक्ष चालते. पण म्हातारी माणसं दर पावसाळ्याला कमी होतात. त्यांचे जबाब आत्ताच लिहून, अंगठा घेऊन ठेवा.

आणि बायांनो, दाव्याच्या कागदावर तुमचं नाव आहे का ते बघा. आवण तुम्ही करता, राखण तुम्ही करता, गुरं घातली तेव्हा आडव्या तुम्ही झोपलात. कागदावर मात्र दादल्याचं एकट्याचं नाव. ग्रामसभेत उठून दोघांचं लिहा म्हणून सांगा. कोणी हसलं तर हसू द्या.

पावसाळा सरला की विधानसभेचं मतदान येणार. जीप परत येतील. येतील त्या प्रत्येकाला चार माणसांसमोर विचारा, ऑक्टोबरच्या जीआरचे दावे किती तपासले, आणि दिल्लीत कायद्यासाठी तुझा पक्ष काय करणार? उत्तर वहीत लिहून त्याची सही घ्या. सही देत नसेल तर तसं लिहा. या वह्या आणि पावत्यांची यादी आवणी उरकली की पहिल्या बाजाराच्या दिवशी संघटनेच्या ऑफिसात आणा. प्रत्येक पाड्यातून दोघं या, त्यातली एक बाई.