शून्य टक्क्यांची किंमत रुपयांत छापा

१. क्रेडिट कार्डाचं कर्ज दुसऱ्या कार्डावर हलवण्याआधी, ते जागेवरच ठेवलं तर काय होतं ते पाहू. कार्डाची थकबाकी १ लाख रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ६३०. एकूण ४,१३०. माणूस काटकसर करून ५,००० रुपये भरतो आणि मुद्दलातून ८७० वजा होतात. त्या कार्डावर पुन्हा एक रुपयाही खर्च केला नाही, तरी याच गतीने कर्ज फिटायला ४४ महिने लागतात आणि हातून २ लाख १६ हजारांच्या आसपास जातात. शेजारचं एक तरुण जोडपं आपली स्टेटमेंट्स घेऊन माझ्याकडे आलं होतं. ती म्हणाली, “काका, आम्ही एकही महिना चुकवला नाही.” खरंच चुकवला नव्हता. दोघं दर महिन्याला इमानेइतबारे मिनिमम ड्यू, म्हणजे किमान देय रक्कम, भरत होती.

२. अशा घरी दुसऱ्या बँकेचा फोन येतो: थकबाकी आमच्या कार्डावर आणा, ६० दिवस व्याज शून्य. हे बॅलन्स ट्रान्सफर. समजा, प्रोसेसिंग फी २ टक्के आहे. जीएसटी धरून २,३६० रुपये झाले. जुन्या कार्डावर याच दोन महिन्यांचं व्याज आणि कर ८,००० च्या वर गेला असता. तेव्हा ६० दिवसांत बोनस येणार असेल, भिशी लागणार असेल, मुदत ठेव पिकणार असेल, तर ही सोय जरूर घ्यावी. माझा सोयीला विरोध नाही.

३. मात्र पैसे यायची तारीख ठरलेली नसेल, तर ही एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. ६१व्या दिवसापासून उरलेल्या रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर लागतो. मागची बाकी असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किराणा घेतला, तरी त्याच दिवसापासून व्याज. आणि जुनं कार्ड? ते रिकामं होऊन पाकिटात बसलेलं असतं, पुन्हा खर्चाला तयार. घरं बुडतात ती इथे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी फिटताच ते कार्ड बंद करायला लेखी अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या निर्देशांनुसार बँकेने ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद करायचं. उशीर झाला तर ग्राहकाला रोज ५०० रुपये द्यायचे.

४. मुदत लांब हवी असेल, तर साधं वैयक्तिक कर्ज पाहावं. १६ टक्के दराने १ लाखाचा दोन वर्षांचा हप्ता सुमारे ४,९०० रुपये. तेच महिन्याचे पाच हजार, पण २४ महिन्यांत सुटका आणि एकूण १ लाख १८ हजारांच्या आत. शेजारच्या जोडप्याला मी हेच सांगितलं. ही तुलना त्यांना कुणीच करून दाखवली नव्हती.

५. ‘शून्य’ या शब्दाबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच ठणकावलं होतं: शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, कार्डाच्या थकबाकीवरच्या अशा ईएमआय योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलं जातं. २०२२च्या निर्देशांत व्याज असलेल्या ईएमआयला ‘नो कॉस्ट’ म्हणून झाकायला मनाई केली. मग हाच न्याय बॅलन्स ट्रान्सफरला का नको? दोन महिन्यांसाठी २ टक्के फी म्हणजे वर्षाला १२ टक्के झाले, आणि जीएसटी धरला तर १४च्या वर. हा दर वाईट नाही. पण तो शून्य नाही.

६. व्याजाला वरची मर्यादा उरलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावरचं ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. आता ग्राहकाच्या हाती एकच गोष्ट आहे: खरी माहिती.

७. ती मोघम मिळते. मिनिमम भरत राहिल्यास फेड ‘महिने/वर्षे’ लांबेल, असा इशारा आपल्या स्टेटमेंटवर असतो. किती महिने, किती रुपये, ते नाही. अमेरिकेत २००९च्या कायद्याने हे दोन्ही आकडे त्या त्या ग्राहकाच्या थकबाकीवरून काढून छापणं बंधनकारक झालं, शिवाय तीन वर्षांत फेडायचं तर महिन्याला किती भरावे लागतील, तेही. ब्रिटनमध्ये २०१८पासून, १८ महिन्यांत मुद्दलापेक्षा व्याज आणि शुल्कच जास्त भरलं गेलं, तर कार्ड कंपनीला ग्राहकाशी स्वतःहून संपर्क साधावा लागतो.

८. रिझर्व्ह बँकेकडे मागणी एवढीच: बॅलन्स ट्रान्सफर देताना संमती घेण्याआधी, मराठीसह ग्राहकाच्या भाषेत, तीन ओळी छापाव्यात. फी आणि कर मिळून किती रुपये. कोणत्या तारखेपासून कोणता दर. आणि त्या तारखेनंतर नुसतं मिनिमम भरत राहिलात, तर किती महिने.