नाममुद्रा नसलेली छायाचित्रे

लोकगीतांच्या आधाराने नवे संगीत रचणाऱ्या बँडच्या मैफलीत श्रोते गाणे ऐकण्याऐवजी त्याची छायाचित्रे घेत बसतात, ही तक्रार आमच्या पिढीतील बहुतेक सुशिक्षितांनी एकदा तरी केलेली आहे. तिच्या समर्थनार्थ वॉल्टर बेंजामिनच्या १९३६ मधील निबंधाचा हवाला द्यायचा आणि कलाकृतीचे तेजोवलय लोपले म्हणून हळहळायचे, असाही एक प्रघात पडून गेला आहे. (मूळ निबंधात हळहळीइतकीच आशाही आहे, हे सांगून पाहिले तरी कोणी मनावर घेत नाही.) मला ही तक्रार चुकीच्या जागी केलेली वाटते. श्रोत्याचा हात मोबाइल धरण्यात गुंतला की गाणे मरते, असे मानण्याइतके लोकगीत नाजूक कधीच नव्हते. जात्याच्या घरघरीत, जत्रेच्या कोलाहलात, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन गायिले गेलेले हे वाङ्मय आहे. त्याला मोबाइलचे भय नाही. भय आहे ते मोबाइलने टिपलेल्या चित्राखाली जे लिहिले जात नाही, त्याचे.

मी हे दुरून पाहून लिहीत नाही. ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड माझ्या आवडीचा आहे. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये त्याची स्थापना केली; २००० साली ‘कंदिसा’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हापासून मी त्यांना ऐकत आलो आहे. चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले, सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, तरी बँड चालू राहिला. दिल्लीतल्याच एका हिवाळी संध्याकाळी, उघड्यावरच्या रंगमंचासमोर, विद्यार्थ्यांच्या गर्दीत मीही पांढऱ्या केसांनिशी उभा होतो. अमित किलाम यांनी गबगुबी काखेत घेतली. बाउलांचे हे वाद्य आपल्या चौंडक्याचे भाऊबंद. ती तार ताणून छेडलेली पाहताच माझ्या कोल्हापूरकडच्या बालपणातली यल्लम्माची जोगतीण समोर उभी राहिली आणि मी न कळत मोबाइल काढला. त्या रात्री मी तीसेक छायाचित्रे घेतली. शेजारच्या एका मुलाने ‘सर, फ्लॅश बंद करा’ म्हणून मला सौजन्याने शिकवलेही.

घरी येऊन ती चित्रे पाहिली. निळाजांभळा प्रकाश, मिटलेले डोळे, कपाळावर आलेले केस, तारेवर धावणारी बोटे. चांगली होती, एखाद्या वृत्तपत्राने सहज छापली असती. मात्र त्या चित्रांवरून गाणे कोणाचे, ते कोठून आले, हे काहीही कळत नव्हते.

त्या संध्याकाळी जे गायिले गेले त्यात ‘हिल्ले ले’ होते. माझ्याभोवतीची तरुण मंडळी ते लोकगीत समजून गात होती. मैफलीच्या पत्रकातही ‘लोकगीतांवर आधारित’ एवढाच मोघम उल्लेख होता. वस्तुतः हे गीत गोरख पांडे यांचे आहे. देवरिया जिल्ह्यात जन्मलेला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे संशोधन करणारा, हिंदीत कविता आणि भोजपुरीत चळवळीची गाणी लिहिणारा, १९८९ च्या जानेवारीत त्याच विद्यापीठाच्या आवारात आपले आयुष्य संपवणारा हा कवी. आणि ज्या शहरात तो गेला त्याच शहरात त्याचे गाणे त्याच्या नावावाचून हजार मुखांनी गायिले जात होते. कोणी म्हणेल, लोकांनी कवीचे नाव विसरून गाणे आपले करावे, याहून मोठा सन्मान कोणता? हे वाक्य मी इतक्या परिसंवादांत ऐकले आहे की आता ते ऐकताच मला संशय येतो. कारण ते नेहमी ज्याचे नाव पत्रकावर ठळक छापलेले असते, तोच उच्चारतो.

‘लोकवाङ्मय अनामिक असते’ हे सूत्र आपण अभ्यासक्रमात घोकले आणि घोकवले. ते अर्धसत्य आहे. मौखिक परंपरेला नावाची पर्वा नसती, तर तिने नाममुद्रा कशासाठी घडवली असती? ‘तुका म्हणे’, ‘नामयाची दासी जनी’, ‘कहत कबीर’ हे शब्द अभंगाच्या वा पदाच्या अखेरच्या चरणात विणलेले असतात. ते काढले तर चाल मोडते, छंद लंगडतो. कागद नसलेल्या समाजाने कर्त्याचे नाव टिकवण्यासाठी शोधलेली ही युक्ती होती. गाणारा कोणीही असो, शतके कितीही लोटोत, गाणे संपवायचे तर कर्त्याचे नाव घ्यावेच लागते. पुढे त्या नावाखाली इतरांचीही पदे शिरली, हा पाठचिकित्सेचा प्रश्न झाला; पण नाव असावे ही आस्था त्यातूनही दिसतेच. चोखामेळ्याचे नाव टिकले ते कोणा पंडिताच्या कृपेने नव्हे. ते त्याच्या अभंगाच्या अंगातच होते. छायाचित्राला अशी नाममुद्रा नसते. ती बाहेरून, ओळीच्या रूपाने, जाणीवपूर्वक द्यावी लागते, आणि नेमके तेच करण्याचा आपल्याला कंटाळा आहे.

यात बँडला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. राहुल राम गाण्यापूर्वी त्याची कथा सांगतात. त्या रात्रीही सांगितली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते नर्मदा बचाव आंदोलनात होते आणि ‘मा रेवा’ हे गीत त्या खोऱ्यातून त्यांच्याबरोबर दिल्लीला आले. ‘कंदिसा’ हे केरळच्या सिरियन ख्रिस्ती चर्चमधले प्राचीन सुरियानी प्रार्थनागीत. त्याचेही मूळ ते लपवत नाहीत. मात्र रंगमंचावरून सांगितलेली कथा त्या रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी उरते ते छायाचित्र. ते वृत्तपत्रात जाते, संग्रहात जाते, पुढेमागे एखाद्या संशोधकाच्या हाती पडते. त्याच्याखाली गायकाचे नाव असते, छायाचित्रकाराचे असते, आयोजकांचे तर मोठ्या अक्षरांत असते. ‘मा रेवा’ ज्या खोऱ्यातून आले त्या खोऱ्याचे नसते.

आणि ते खोरे म्हणजे केवळ काव्यात्म संदर्भ नव्हे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्राचीही ३३ गावे बाधित केली. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही आदिवासी गावे, त्यांत मणिबेली आघाडीवर. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. जिथे रेवेला आई म्हणून हाक घातली जात होती, त्या कितीतरी अंगणांवर आता रेवाच उभी आहे. अशा वेळी त्या गाण्याच्या चित्राखाली ‘रंगलेली मैफल’ एवढीच ओळ लिहिणे, याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. विस्थापितांचे गावही गेले आणि गाण्यावरचा त्यांचा शिक्काही गेला; पहिले धरणाने केले, दुसरे आपण रसिक करत आहोत.

‘मग काय प्रत्येक छायाचित्राखाली निबंध लिहायचा?’ असा प्रश्न एका तरुण प्राध्यापकाने मला चर्चेत विचारला. निबंध नको, एक ओळ पुरे. ती शक्य आहे याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. त्यात ओवीशी गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने त्या ओव्या ध्वनिमुद्रणांसह आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध करायला आरंभ केला. त्या छायाचित्रांतील बाई कोणी ‘ग्रामीण स्त्री’ नाही. तिला नाव आहे, आणि तिच्या ओव्या तिच्याच आहेत. लाखभर ओव्यांच्या बाबतीत जे दोन माणसांच्या चिकाटीला साधले, ते अकादम्यांना, आकाशवाणीला, विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांना आणि एका संध्याकाळी दहा गाणी टिपणाऱ्या छायाचित्रकाराला का साधू नये? ज्या ग्रंथांतून आपण सारे लिहितो, त्यांच्या चित्रपृष्ठांवरही ‘वासुदेव’, ‘गोंधळी’, ‘लमाण स्त्री’ अशाच ओळी मी वाचत आलो आहे. वासुदेव हे त्या माणसाचे काम झाले. त्याला घरी काय म्हणून हाक मारत होते?

हा प्रश्न इतरांना विचारण्यापूर्वी मी माझा प्रबंध कपाटातून काढला. ओवीच्या छंदावरचा तो प्रबंध, १९८८ चा. माणदेशात फिरताना उसन्या आणलेल्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने घेतलेले एक कृष्णधवल छायाचित्र त्यात चिकटवलेले आहे. साठीची एक बाई, पदर डोक्यावर, एक पाय पुढे पसरलेला, खुंट्यावर दोन्ही हात, तोंड अर्धवट उघडे. म्हणजे मी खटका दाबला तेव्हा ती गात होती. तिने मला सकाळभर ओव्या सांगितल्या, वर भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. माझ्या तिसऱ्या प्रकरणाचे निष्कर्ष बव्हंशी तिच्याच ओव्यांवर उभे आहेत. परीक्षकांनी त्या प्रकरणाची विशेष प्रशंसा केली होती. चित्राखाली माझ्या हस्ताक्षरात लिहिले आहे : ‘जात्यावर दळणारी स्त्री, सातारा जिल्हा.’

गेल्या वर्षी मी त्या गावी जाऊन आलो. छायाचित्र बरोबर नेले होते. पारावर बसलेल्या माणसांनी ते एकमेकांच्या हातात देत बराच वेळ न्याहाळले. जाते एकाने ओळखले. बाई कोणाच्याच ओळखीची निघाली नाही.