वजनाचा काटा आणि शरीराचा कस

बीड जिल्ह्यातील नारायणगड वारकऱ्यांमध्ये ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. या परिसराला एकादशीचा उपवास नवा नाही, पायी वारी नवी नाही आणि गावोगावच्या जत्रांतील कुस्तीचे फडही नवे नाहीत. आहाराचा संयम, दमसासाचे चालणे आणि ताकदीची मेहनत ही तिन्ही अंगे येथील लोकजीवनात पूर्वापार आहेत. आज शहरांत ‘डाएट’, ‘कार्डिओ’ आणि ‘जिम’ या नावांनी जो वाद चालतो, तो वस्तुतः याच तिघांपैकी वजन कोणामुळे उतरते, याविषयीचा आहे. प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु तो ज्या रीतीने विचारला जातो, त्या रीतीतच मोठी गफलत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीनुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आहेत. मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व्यापक पाहणीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात या चिंतेला घराघरांत पोहोचवले ते लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन त्यांनी दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा, तसेच पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा मंत्र दिला. याच्या नेमके उलट, थोड्या थोड्या अंतराने खात राहावे, असा पुरस्कार मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनी आपल्या २००९ च्या पुस्तकात केला होता. या दोन मतांवरून अनेक घरांत स्वयंपाकघराचीच फाळणी झाली. दोन्हीकडचे अनुयायी उतरलेल्या किलोंचा दाखला देत राहिले.

किलो उतरण्यात आहाराचा वाटा सर्वांत मोठा, याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. हिशेब साधा आहे. सत्तर किलो वजनाचा मनुष्य तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला, तर अडीचशे ते तीनशे उष्मांक खर्च होतात. तेवढे उष्मांक एक वडापाव दोन मिनिटांत परत देतो. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणजे खाणे न बदलता नुसत्या चालण्यावर विसंबणाऱ्यास एक किलो उतरवण्यास महिना लागावा, आणि तोही भूक वाढली नाही तर! मात्र किती वेळा खाल्ले यापेक्षा एकूण किती खाल्ले, हेच निर्णायक ठरते. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उष्मांक सारखेच कमी केल्यावर, ठरावीक आठ तासांतच खाणारे आणि दिवसभरात केव्हाही खाणारे यांच्या वजनघटीत लक्षणीय अंतर आढळले नाही. दोन वेळा जेवण्याच्या नियमाने अनेकांचे वजन उतरते ते मधल्या वेळचे चहा-बिस्कीट, भजी आणि शेव सुटल्यामुळे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या पूर्वजांना हे ठाऊक होते. साबुदाण्याच्या खिचडीने भरलेले ताट उपवासाचे असले, तरी त्यातील तूप आणि शेंगदाण्याचा कूट आपला हिशेब चुकवीत नाहीत.

मग चालणे व्यर्थ काय? मुळीच नाही. टांझानियातील हादझा या शिकारी जमातीचे लोक दिवसभर पायपीट करतात; तरीही शरीराच्या आकारमानाचा विचार करता त्यांचा दैनंदिन ऊर्जाव्यय पाश्चात्त्य शहरवासीयांएवढाच भरतो, असे २०१२ मध्ये दिसून आले. श्रम वाढले की शरीर अन्यत्र काटकसर करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. परंतु चालण्याचे खरे फळ काट्यावर दिसतच नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच उपाय सुचवला नव्हता, त्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह जडला. नियमित चालणे आणि आहारनियमन करणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेलीच नव्हती. केवळ काट्याकडे पाहणाऱ्याने हा उपक्रम फसला, असेच म्हटले असते.

तिसरे अंग ताकदीच्या व्यायामाचे. आपल्याकडे ते तालमीपुरते व तरुणांपुरते मानले गेले. अमेरिकेतील १६० स्थूल वृद्धांवरील २०१७ चा प्रयोग या समजास छेद देतो. दमसासाचा व्यायाम, ताकदीचा व्यायाम किंवा दोन्ही, असे गट पाडून सर्वांचा आहार नियंत्रित केला होता. तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे नऊ टक्क्यांनी उतरले. परंतु केवळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू आदी चरबीविरहित वजन पाच टक्क्यांनी घटले, तर ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे दोनच टक्क्यांनी. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक क्षमता सर्वाधिक सुधारली. वजन उतरले म्हणजे नेमके काय उतरले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये अवघ्या शंभर ग्रॅमनी विनेश फोगाट यांचे ऑलिंपिक पदक हुकले. त्या रात्री काही तासांत त्यांनी जे वजन घटवले होते, ते मुख्यतः पाण्याचे होते. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे असोत की गावचा साधा पैलवान, काटा आणि कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मल्लांना शिकवावे लागत नाही.

सामान्य माणसाला मात्र ते शिकवणे निकडीचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. परंतु याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के चरबी होती आणि युडकिन यांच्या शरीरात केवळ ९ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बालके सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बालके कमी पडतात ती प्रामुख्याने स्नायूंत. चरबी त्या मानाने राखलेली असते. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात या शोधाला सामाजिक अर्थ प्राप्त होतो. दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी स्त्री-पुरुष कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन वाहनात चढवायच्या, असा महिनोन्‌महिन्यांचा क्रम. दमसास आणि ताकद या दोहोंचे श्रम येथे भरपूर. वानवा आहे ती पोटभर सकस अन्नाची आणि विश्रांतीची. अर्धपोटी राबणाऱ्या मातेचे मूल कमी वजनाचे जन्मते. तेच मूल जिद्दीने शिकून शिक्षक वा कारकून होते, खुर्चीत बसते, मोटारसायकलवरून घरी येते आणि चाळिशीच्या आत साखरेची गोळी सुरू करते. सुस्थितीचे पहिलेच सुख अशा रीतीने व्याधी होऊन येते. अशा घराला ‘वजन कमी करा’ एवढाच उपदेश करणे अपुरे आहे. त्याच घरातील आईला तो करणे तर क्रूर आहे. कोणाच्या ताटातून भात आणि साखर कमी करायची आणि कोणाच्या ताटात डाळ, अंडे व दूध वाढायचे, हा विवेक एका घोषणेत मावणारा नाही.

भूक मंदावणारी इंजेक्शने २०२५ पासून भारतीय बाजारात वजन घटवण्यासाठी आली आहेत. त्यांनी काटा झपाट्याने खाली येतो. पण मेदाबरोबर स्नायूही जातात. ज्या समाजाचे स्नायू मुळातच तोकडे, त्याने हा सौदा डोळे उघडे ठेवून करावयास हवा.

तेव्हा आरोग्य शिबिरांतून वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजला जावा. पुरुषांस नव्वद आणि स्त्रियांस ऐंशी सेंटिमीटर, ही धोक्याची रेषा टेप लावून कोणासही पाहता येते. शाळेतील व्यायामाचा तास गणिताच्या जादा तासासाठी घेण्याची प्रथा थांबावी, आणि गावोगावी उभारलेल्या खुल्या व्यायामशाळांत स्त्रियांना निःसंकोच जाता येईल अशी वेळ राखली जावी. जोर-बैठकांना शुल्क पडत नाही आणि पायवाटेला तिकीट नाही. आहाराने वजन उतरते, चालण्याने व्याधी लांबते आणि ताकदीच्या मेहनतीने उतरत्या वयातही माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो. यांपैकी एकाचा जयजयकार करून उरलेल्या दोहोंना निकालात काढणे, ही चैन अर्धपोटी आणि अतिपोटी अशी दोन्ही माणसे एकाच छताखाली नांदवणाऱ्या समाजाला परवडणारी नाही.